क्रेडिट म्हणजे उधारी काय हो? (घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या पोरांबद्दल)

सांजवात_सत्तरी | सोमवार, रात्री १०.४०

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय आणि लांबण लागणार आहे, आधीच सांगून ठेवते.

मी गोव्यातल्या एका कॉलेजात लेक्चर बेसिसवर, म्हणजे पर्मनंट नाही, अशी शिकवते. कुठल्या ते विचारू नका, जूनमध्ये परत इंटरव्ह्यूच्या लायनीत उभं राहायचंय. तर गेल्या आठवड्यात स्टाफरूमच्या दारात एक गृहस्थ उभे, चपला बाहेर काढून. मी म्हटलं अहो घालून या आत, तरी नाहीच. एफवायच्या एका मुलाचे वडील. पूर्वी खाणीवर स्वतःचा ट्रक होता, २०१२ ला खाणी बंद झाल्या, हप्ते थकले, ट्रक गेला. आता बेळगावहून भाजी आणणाऱ्या पिकअपवर ड्रायव्हर आहेत. खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला, मुलाच्या सेमिस्टरच्या विषयांची यादी, आणि एका शब्दाखाली पेनाने दोनदा रेघ ओढलेली. म्हणाले, "मॅडम, फी सगळी भरलीय, रिसीट आहे माझ्याकडे. मग हे वीस क्रेडिट कसलं? उधारी कुणाची राहिली?"

मला हसू आलं. आलं ते आलं, खोटं कशाला बोलू. आणि लगेच कानशिलं गरम झाली, कारण त्या माणसाने अख्खा कागद वाचून त्याला कळलेल्या एका शब्दावर बोट ठेवलं होतं, आणि आम्ही पाच वेळा ओरिएंटेशन घेऊन तो शब्द कधी सांगितलाच नव्हता.

खरी गोष्ट पुढेच आहे. मुलगा तीन आठवडे कॉलेजात आला नव्हता. पहिल्या आयएसएत, म्हणजे सेमिस्टर चालू असताना घेतात त्या छोट्या परीक्षेत, त्याला २० पैकी ४ मिळाले. त्याला वाटलं नापास, संपलं, नाव गेलं. घरी तसंच सांगितलं आणि कळंगुटला एका हॉटेलच्या लाँड्रीत चादरी इस्त्री करायला लागला. त्याला कोणी काढलं नव्हतं हो! ते चार मार्क पुढच्या आयएसएत आणि फायनलला भरून निघाले असते. पण हे त्याला सांगणार कोण? घरी विचारावं तर आई चौथी, बाबा सातवी. वर्गात विचारावं तर सगळ्यांना कळणार की याला एवढंही माहीत नाही.

मी स्वतः घरातली पहिली. पहिलं अख्खं सेमिस्टर मी लायब्ररीत बसून पुस्तकातली पानंच्या पानं वहीत उतरवून काढली, कारण मला वाटायचं लायब्ररी कार्ड म्हणजे आत जायचा पास. त्यावर पुस्तक घरी नेता येतं हे दिवाळीनंतर कळलं. बोटाला घट्टा पडला होता, अजून आहे थोडा.

तर विचारायचंय हे, की तुमच्यातले जे असे पहिले होते त्यांना कोणाची कसली मदत झाली? मोठमोठ्या योजना नकोत, कोणी काय केलं ते सांगा.

डिचोलीचो_झिलगो | सोमवार, रात्री ११.१५

ताई एक नंबर धागा. मी पण घरातला पहिलाच. आमच्याकडे आजा मुंडकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा, बाबा पंचायतीत शिपाई. मला कॉलेजात कोणी काय शिकवलं त्यापेक्षा बसने जास्त शिकवलं, सकाळी सहाची बस चुकली की पहिलं लेक्चर गेलं, आणि पास होता कदंबाचा, म्हणजे सरकारी बसचा, पण त्या टायमाला समोर यायची ती प्रायव्हेट, मग सुटे पैसे शोधा, असं करत करत माझी हजेरी साठावर आली आणि नोटीस बोर्डावर डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव. डिफॉल्टर! माझ्या बाबांना वाटलं बँकेचं काहीतरी. तुमच्या क्रेडिटवरनं आठवलं. हे सगळे शब्द बँकेतनं का आणलेत देव जाणे.

विषय कसे निवडले ते तर विचारूच नका. आता तर ते मेजर मायनर, म्हणजे मुख्य विषय आणि जोडविषय, वर एमडीसी व्हीएसी असले आणखी विषय वगैरे झालंय, माझी बहीण २०२३ च्या बॅचची, म्हणजे गोव्यात नवीन शैक्षणिक धोरण लागू झालं ती पहिलीच. तिने मायनर कसं निवडलं? ज्या मैत्रिणीबरोबर ती बसने येते तिने जे घेतलं ते. का, तर दोघींची लेक्चरं एका वेळेला सुटली तर परत जाताना सोबत. आता तिसऱ्या वर्षाला कळतंय की त्या मायनरचा पुढे तिला काही उपयोग नाही.

पर्वरीकर | मंगळवार, सकाळी ८.०५

वाचलं. वाईट वाटून घेऊ नका पण थोडं विरुद्ध बोलतो.

मी १९९१ चा इंजिनिअर. वडील तिसरी पास. कोणी माझा हात धरला नाही, कोणी क्रेडिट म्हणजे काय सांगितलं नाही. प्रॉस्पेक्टस हातात यायचं, ते वाचायचं. आजच्या मुलांच्या हातात मोबाइल आहे, अख्खं जग त्यात आहे, आणि एक शब्द शोधून काढता येत नाही? चार मार्क पडले म्हणून पळून जायचं आणि दोष कॉलेजचा? उद्या नोकरीत साहेब ओरडला तर तिथे पण कोणी समजावायला येणार का? अठरा वर्षांच्या घोड्याला भरवत बसू नका, एवढंच म्हणणं.

सांजवात_सत्तरी | मंगळवार, सकाळी ८.३०

दादा, मोबाइल आहे हे बरोबर. पण शोधायला आधी काय शोधायचं ते माहीत लागतं ना. त्या पोराला शंकाच नव्हती. त्याला खात्री होती की तो गेला! खात्री असलेला माणूस कशाला शोधेल?

फळा_खडू (निवृत्त) | मंगळवार, सकाळी ११.२०

दोघांचंही ऐकलं. मी ३५ वर्षं शिकवलं, आधी हायस्कूल मग हायर सेकंडरी, थोडं मागचं सांगतो.

१९६१ ला लिबरेशन झालं तेव्हा गोव्यात मेडिकल स्कूल होतं पण आर्ट्स सायन्सचं कॉलेज नव्हतं. शिकायचं तर मुंबई, बेळगाव नाहीतर धारवाड, म्हणजे ज्याच्या घरी भाट, माडांची बागायत, होतं त्याने जायचं. मिरामारचं धेंपे आणि मडगावचं चौगुले, दोन्ही १९६२ ची. भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाल्यावर गावागावात मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, देवळाच्या मंडपात, कोणाच्या पडवीत, जागा मिळेल तिथे. तिथली पोरं पुढे कॉलेजात गेली. कॉलेजं तेव्हा मुंबई विद्यापीठाखाली, आपलं गोवा विद्यापीठ १९८५ च्या जूनमध्ये सुरू झालं, कायदा आदल्या वर्षीचा.

हे का सांगतोय? आमच्या पिढीत बहुजन समाजातला जवळजवळ प्रत्येक जण घरातला पहिलाच होता. आमच्या बाकावर चौघे बसायचो, चौघांचेही बाप अंगठेबहाद्दर. कोणाला काही कळत नव्हतं म्हणून कोणाला लाज नव्हती! एकमेकांना विचारायचो, चुकीचं का होईना कोणीतरी सांगायचं. पर्वरीकर, तुम्हीही बहुतेक तशाच बाकावर बसला असाल, आठवून बघा.

आज वर्गात एकाची आई प्रोफेसर, दुसऱ्याचा बाप वकील आणि तिसऱ्याचा भाजीच्या गाडीवर. जीन्स तिघांची सारखीच, मोबाइल पण सारखाच, कोण कुठून आलाय ते शिक्षकालाही दिसत नाही. मग तो तिसरा गप्प बसतो. हा फरक मला निवृत्तीच्या जवळ आल्यावर कळला, आधी कळला असता तर बरं झालं असतं.

डिचोलीचो_झिलगो | मंगळवार, सकाळी ११.४२

सर __/\__

पुण्याहून_पाहुणा | मंगळवार, दुपारी १.१०

एक भाबडा प्रश्न. गोवा म्हणजे आमच्या डोक्यात पैसेवालं राज्य, शिक्षणातही पुढे. तिथे पण हा प्रॉब्लेम आहे? आमच्याकडे मराठवाड्यातून, मेळघाटातून मुलं येतात त्यांचं समजू शकतो.

तारवट्याची_पोर | मंगळवार, दुपारी १.५५

पाहुणे, मीच उत्तर देते कारण मी तुमच्या त्या पैसेवाल्यांतली :)

माझे पप्पा तारवटी, म्हणजे बोटीवर. वर्षातले आठ नऊ महिने समुद्रात. घर दोन मजली, बाथरूमला इटालियन टाइल्स, आणि घरात दहावीच्या वर शिकलेलं कोणी नाही. मी म्हापशाहून कॉलेजला स्कूटरवर जायचे, सगळ्यांना वाटायचं हिला काय कमी. मला एमए करायचं होतं, विद्यापीठाची अ‍ॅडमिशनची प्रवेश परीक्षा असते, जीयू-आर्ट म्हणतात, ती द्यावी लागते हे मला फॉर्मची तारीख गेल्यावर कळलं. मला वाटलेलं बीएचे मार्क बघून बोलावतील, बारावीनंतर बोलावलं तसं. एक वर्ष गेलं. पप्पांनी बोटीवरून फोनवर विचारलं "किती पैसे भरले तर होईल?" त्यांना दुसरा कुठला उपाय माहीतच नव्हता, बिचारे.

गरिबी वेगळी आणि हे वेगळं. स्कॉलरशिपच्या यादीत माझ्यासारखीचं नाव येणारच नाही, त्यामुळे मला शोधणार तरी कसे?

आणि आमच्या वाड्यावर अजून एक. पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडला गोदामात कामाला गेलेले दोन तीन जण आहेतच, ते महिन्याला काय कमावतात ते सगळ्या गावाला पाठ. त्यांच्यासमोर बीए करून मिळतं काय, हा प्रश्न पोरं विचारतात आणि माझ्याकडे उत्तर नसतं.

वास्कोची_टीचर | मंगळवार, दुपारी ३.३०

तारवट्याची_पोर, अगदी. आणि दुसऱ्या टोकाला आमची वास्कोची पोरं. आईबाप कर्नाटकातून बांधकामाला आले, पोर जन्मलं इथे, शिकलं इथे, कोकणी माझ्यापेक्षा बरी बोलतं. पण काही मागायला गेलं की पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला. भाड्याची खोली दर दोन वर्षांनी बदललेली, घरमालक नाव लावू देत नाही, पुरावा आणायचा कुठून? एक मुलगी लसीकरणाचं कार्ड घेऊन आली होती, लहानपणीचं, पिवळं पडलेलं. म्हणे टीचर यावर तारीख आहे, चालेल? ते कार्ड बघून मला रडू फुटलं होतं.

खिडकी_नंबर_तीन | मंगळवार, संध्याकाळी ६.४०

बराच वेळ वाचतोय, आता राहवत नाही. मी एका कॉलेजच्या ऑफिसात स्कॉलरशिपच्या टेबलवर आहे, चौदा वर्षं झाली. लोक म्हणतात ऑफिसवाले खेकसतात. खेकसतो, कबूल. जुलैमध्ये माझ्या खिडकीसमोर येऊन एक दिवस उभे राहा मग बोलू.

पण जे बघितलंय ते सांगतो, कोणाला उपयोग झाला तर होवो.

सगळ्यात जास्त घोळ बँक खात्याचा. पोराची दोन खाती असतात, एक शाळेत असताना काढलेलं, एक नंतर आईबरोबर जॉइंट. सरकारच्या स्कॉलरशिप पोर्टलवरून आधारने पैसे पाठवले जातात तेव्हा ते आधारला शेवटचं जोडलेलं जे खातं असेल त्यात पडतात, तुमच्या मनात कुठलं आहे ते सरकारला माहीत नसतं. गेल्या वर्षी एक मुलगी चार वेळा आली, सर पैसे नाही आले, सर पैसे नाही आले. बघतो तर केव्हाच जमा! शाळेतल्या खात्यात, आणि पासबुक आजीच्या ट्रंकेत लुगड्याखाली. बँकेत जाऊन आधार कुठे जोडलंय ते आधी विचारा, फॉर्म मग भरा.

दुसरं, बारावीच्या मार्कांवर केंद्राची स्कॉलरशिप आहे, पीएम-यूएसपी. बोर्डात आपल्या शाखेत वरच्या वीस टक्क्यांत असलात आणि घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असलं तर पदवीच्या पहिल्या तीन वर्षांना वर्षाला १२,०००. पोरं पहिल्या वर्षी भरतात, पैसे येतात, खूश. दुसऱ्या वर्षी गप्प. का रे? "सर एकदा भरला ना?" अरे बाबा दर वर्षी रिन्यू करायचा असतो, ५० टक्के मार्क आणि ७५ टक्के हजेरी लागते. हे फॉर्मवर लिहिलेलं आहे. इंग्रजीत, बारीक अक्षरात, सातव्या पानावर वगैरे.

एसटी समाजाची, म्हणजे आपल्या गावडा कुणबी वेळीप पोरांची पोस्ट मॅट्रिक, दहावीनंतरची स्कॉलरशिप, वेगळी, तिची उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. २००३ ला ह्या तीन जमाती यादीत आल्या, तरी अजून केपे सांगेकडून पोरं येतात ज्यांच्या घरी दाखलाच काढलेला नाही, काढायचा असतो हे माहीत नाही. आणि प्रोफेशनल कोर्सला जाणाऱ्यांनी शिक्षण विकास महामंडळाचं बिनव्याजी कर्ज विचारा, व्याज नाही हो, खरंच नाही. लोकांना खरं वाटत नाही म्हणून दोनदा लिहिलं.

उत्पन्नाचा दाखला मामलेदारकडचा, एप्रिल-मेमध्येच काढून ठेवा. जूनमध्ये सगळ्या तालुक्याला एकदम आठवण येते.

सांजवात_सत्तरी | मंगळवार, संध्याकाळी ७.०२

खिडकी दादा, हे सगळं एका कागदावर मराठीत कोकणीत लिहून तुमच्या खिडकीच्या काचेला का नाही चिकटवत?

खिडकी_नंबर_तीन | मंगळवार, संध्याकाळी ७.१०

चिकटवला होता. पेंटिंगच्या वेळी काढला. परत लावायची परवानगी मागितलीय, फाइल वर आहे.

डिचोलीचो_झिलगो | मंगळवार, संध्याकाळी ७.१४

फाइल वर आहे =)) =))

न्यूजर्सीची_म्हापशेकरीण | बुधवार, सकाळी ६.२०

इथे रात्र आहे, झोप येत नव्हती म्हणून सगळं वाचून काढलं. मी इथल्या एका युनिव्हर्सिटीत स्टुडंट अ‍ॅडवायझिंगला आहे. इकडे ह्या मुलांना "फर्स्ट जेन" म्हणतात, आईवडील दोघांपैकी कोणाकडेच चार वर्षांची डिग्री नाही ते. पैसे किती आहेत तो प्रश्न वेगळा धरतात, म्हणजे तारवट्याची_पोर इथे यादीत आली असती.

सरकारी कार्यक्रम पण जुने आहेत. १९६४ ला शाळेतल्या मुलांसाठी अपवर्ड बाउंड, १९६५ च्या हायर एज्युकेशन अ‍ॅक्टमधून टॅलेंट सर्च, १९६८ ला कॉलेजात आलेल्यांसाठी तिसरा. तीन झाले म्हणून नाव पडलं ट्रायो, आता तीनपेक्षा जास्त आहेत तरी नाव तेच. त्या कायद्यावर ८ नोव्हेंबरला सही झाली म्हणून आता दर ८ नोव्हेंबरला फर्स्ट जेन दिवस करतात, त्या दिवशी बरेच प्रोफेसर "मी पण फर्स्ट जेन" असा टी शर्ट घालून येतात. मला आधी नाटकी वाटलं होतं. पण आमच्याकडच्या एका मुलाने सांगितलं, त्या शर्टवरून त्याला कळलं की कोणाच्या दारावर टकटक केली तर चालेल.

एक अभ्यास मला फार आवडतो, २०१४ ला छापून आलेला. नवीन मुलांना सुरुवातीलाच एक तास सीनियरांच्या गप्पा ऐकवल्या, बस्स, एक तास. एका गटाला नुसतं "असा अभ्यास करा, असं करा". दुसऱ्या गटात सीनियर तेच बोलले, पण आपलं घर कसं होतं, त्यामुळे काय अडलं, मग काय केलं हे धरून बोलले. वर्षाच्या शेवटी दुसऱ्या गटातल्या फर्स्ट जेन मुलांचे मार्क बाकीच्यांच्या बरेच जवळ आले, आणि ती मुलं प्रोफेसरांकडे विचारायला जास्त गेली. सांजवात, तुझ्या लायब्ररी कार्डची गोष्ट तू तुझ्या एफवायच्या वर्गात कधी सांगितलीयस का?

सांजवात_सत्तरी | बुधवार, सकाळी ९.५०

नाही.

खरं सांगू? लाज वाटते. अजून. पर्मनंट नाही, त्यात हे सांगितलं तर पोरं म्हणतील मॅडमच अशा.

मराठी_मीडियमवाला | बुधवार, दुपारी १२.३०

मॅडम सांगा हो. मी चौथीपर्यंत गावच्या मराठी शाळेत, पाचवीपासून इंग्रजी, गोव्यात आपलं असंच असतं. कॉलेजात आल्यावर वाटायचं पाचवीपासून इंग्रजीत शिकलोय तर यायला पाहिजे, येत नाही म्हणजे मीच ढ. वर्गात एकदा "डेटा" असं म्हणालो तर मागून कोणीतरी "डाटा" की "डेटा" अशी टर उडवली, त्यानंतर तीन वर्षं मी वर्गात तोंड उघडलं नाही. तीन वर्षं!! प्रेझेंटेशन असलं की ताप यायचा, खरा ताप, आई कपाळाला हात लावून बघायची.

मला एका सरांनी तारलं, त्यांनी काही मोठं केलं नाही. एक दिवस कॉरिडॉरमध्ये थांबवून कोकणीत म्हणाले, "तुजें घर खंय?" मी सांगितलं. "बस कितल्याक आसा?" म्हणजे किती वाजता. सांगितलं. बस. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्या केबिनमध्ये जायला लागलो. ते अभ्यासाचं बोलले असते तर मी गेलो नसतो असं वाटतं.

पर्वरीकर | बुधवार, दुपारी २.१५

फळा_खडू सर, बाक आठवला. आमचा हॉस्टेलचा रूममेट एका मास्तरांचा मुलगा होता, तो सगळे फॉर्म भरायचा, मी त्याचं बघून भरायचो. हे मी विसरलो होतो, मान्य.

तरी मुद्दा सोडत नाही. मदत करा, पण त्याची सवय लावू नका. फॉर्म पोराने स्वतः भरावा, तुम्ही शेजारी उभे राहा. आमच्या ऑफिसात ट्रेनी येतात, आई फोन करते त्यांच्यासाठी, ते बघून डोकं फिरतं म्हणून कालचं तसं लिहिलं.

म्हापसा_शुक्रवार_बाजार | बुधवार, संध्याकाळी ५.४५

आई सांगतेय, मी तिची मुलगी टाइप करतेय. आई म्हापशाच्या बाजारात शुक्रवारी बसते, मिरच्या, कोकम, सोलं, सीझनला काजूबिया.

आई म्हणते: मला कॉलेजातनं पत्र आलं होतं पेरेंट्स मीटिंगचं. वार शुक्रवार. एकच दिवस माझा बाजार, तो पण ह्यांना मिळाला. तरी गेले, बाजार वहिनीला सोपवून. तिथे दोन तास इंग्रजीत. मी शेवटच्या खुर्चीवर बसले, सगळे हसले की मी हसले. एका बाईने विचारलं तुमची मुलगी कशात आहे, मी म्हटलं कॉलेजात आहे. ती म्हणाली नाही नाही, कशात. मला काय माहीत कशात! घरी येऊन हिला विचारलं तर ही चिडली.

(चिडले होते. मला वाटलं आईने माझी लाज काढली. त्यावर आता बोलत नाही. मी सायकॉलॉजीत आहे, आईला आता पाठ झालंय, गिऱ्हाइकांना सांगते.)

आई म्हणते अजून एक लिही: आम्हाला वाटतं शिकली की ही आमच्यातली राहणार नाही. ते कोणी विचारत नाही. कॉलेजवाले म्हणतात पालक साथ देत नाहीत. आम्ही देतो पण भीती वाटते.

न्यूजर्सीची_म्हापशेकरीण | बुधवार, संध्याकाळी ७.३०

काकींना माझा नमस्कार सांग. त्यांच्याकडूनच आमच्या घरी कोकम यायचं की काय कोण जाणे.

पुण्याहून_पाहुणा | बुधवार, रात्री ८.००

माझा प्रश्न भाबडा नव्हता, बावळट होता. वाचतोय.

सांजवात_सत्तरी | गुरुवार, रात्री ९.२०

अपडेट.

आज वर्गात सांगितलं. लायब्ररी कार्डचं. आधी दोनदा विषय काढून परत धड्याकडे वळले, मग घड्याळात दहा मिनिटं उरली तेव्हा एकदाचं सांगून टाकलं. थोडे हसले, मी पण हसले. घट्टा दाखवला. लेक्चर सुटल्यावर मला वाटलं रांग लागेल, पिक्चरमध्ये लागते तशी. कोणी आलं नाही. एक मुलगी आली ती हजेरी लावायला विसरले म्हणून.

पण ऐका, दुपारी लायब्ररीतल्या बाई भेटल्या, म्हणाल्या आज काय झालं गं, एफवायची सहा पोरं कार्ड घेऊन आली, पुस्तक घरी नेता येतं का विचारत. सहा! सप्टेंबर संपत आलाय, चवथ होऊन गेली, आणि सहा जणांना अजून माहीत नव्हतं.

आता डोक्यात असं आहे. दुसऱ्या तिसऱ्या वर्षातली अशीच घरातली पहिली असलेली दहा बारा पोरं गाठायची, आणि प्रत्येकाला एफवायची चार पाच जणं वाटून द्यायची. पहिल्या आयएसएचे मार्क लागले की त्याच संध्याकाळी फोन, "मार्क बघितलेस? काय वाटतंय?" एवढंच. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप नको, आमच्याकडे ग्रुप आहे दोनशेचा, त्यात गुड मॉर्निंग सोडून कोणी काही लिहीत नाही. दोनशे जणांसमोर कोण विचारणार? फोनच. यूजीसीचं ते दीक्षारंभ म्हणून सुरुवातीच्या दिवसांचं कायतरी आहे २०१९ पासून, त्यात बसवता येतं का बघते, म्हणजे प्रिन्सिपलना कागदावर दाखवायला बरं. पेरेंट्स मीटिंग कोकणी मराठीत, रविवारी, आणि शक्य झालं तर कॉलेजात नाहीच, वाळपईला एखादा हॉल घेऊन. सगळ्यांनी पणजीच्या बाजूला कशाला यायचं?

आणि तो मुलगा. त्याच्या बाबांना क्रेडिट समजावलं होतं त्या दिवशी, म्हटलं पंधरा तास वर्गात बसलं की एक मिळतं, मजुरीच्या हजेरीसारखं, तुमच्या मुलाची जमा आहे ती, उधारी नाही. ते म्हणाले, "म्हणजे त्याचेच पैसे." मी म्हटलं हो, तसंच. मुलगा सोमवारी आला होता, मंगळवारी नाही, आज परत आला. लाँड्रीची नोकरी सोडलेली नाही, रात्रपाळी मागून घेतलीय म्हणे. पहिल्या लेक्चरला झोपला, मी उठवलं नाही.

फळा_खडू (निवृत्त) | गुरुवार, रात्री ९.४५

वाळपईचा हॉल मी बघतो. माझे दोन विद्यार्थी पंचायतीत आहेत.

पर्वरीकर | गुरुवार, रात्री १०.१०

रविवारी चालत असेल तर मी येऊन पोरांना एकेक फॉर्म भरायला बसवतो. भरून देणार नाही. शेजारी उभा राहीन.

डिचोलीचो_झिलगो | गुरुवार, रात्री १०.१२

पर्वरीकर आता सीनियर =))

नवीन_सदस्य_गप्प | शुक्रवार, पहाटे १२.५५

पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या. मी एसवायला आहे, कॉलेज वेगळं आहे मॅडमचं नाही. खिडकी सर तुम्ही लिहिलं ती १२ हजारवाली मला गेल्या वर्षी मिळाली होती. यंदा रिन्यू करायची असते हे मला आज इथे कळलं. माझी एफवायची हजेरी ७८ टक्के आणि मार्क ५४ आहेत. आता भरता येईल का? ऑफिसात विचारलं तर ओरडतील का? आणि गेल्या वर्षीचे पैसे बाबांच्या खात्यात आले असं वाटत होतं पण ते माझ्याच खात्यात होते, बाबांनी ट्रॅक्टरच्या हप्त्याला दिले, त्याने काही होईल का?

खिडकी_नंबर_तीन | शुक्रवार, सकाळी ७.३५

७८ आणि ५४, बसतोस. ट्रॅक्टरचं कोणी विचारत नाही, ते विसर. पोर्टलवर गेल्या वर्षीच्याच आयडीने आत जा, नवीन फॉर्म भरू नको, रिन्यूअल असं वेगळं असतं तिथे जा. शेवटची तारीख आज सकाळीच पोर्टलवर बघ, मी सांगितलेल्यावर जाऊ नकोस, पुढे ढकलतात पण ढकलतीलच असं नाही. मार्कशीट, हजेरीचा दाखला तुझ्या ऑफिसातून. मग ते कॉलेजकडून व्हेरिफाय व्हावं लागतं, ते झालं का हे आठ दिवसांनी परत जाऊन विचार, नुसतं सबमिट करून थांबू नको.

ओरडतील. दोन मिनिटं ओरडतील, ऐकून घे, खिडकी सोडून जाऊ नको. सकाळी दहा ते अकरामध्ये जा, तेव्हा जरा बरे असतात.

नवीन_सदस्य_गप्प | शुक्रवार, सकाळी ७.५०

ओके सर. हजेरीचा दाखला म्हणजे बोनाफाइड का?

खिडकी_नंबर_तीन | शुक्रवार, सकाळी ७.५२

नाही, वेगळा. थांब, मेसेज करतो तुला, कसा अर्ज लिहायचा ते पण पाठवतो.